वाटाण्याचा कोंब आणि आत्याचं स्वयंपाकघर

(दृश्य : कोल्हापूर, खरी कॉर्नर. सकाळची वर्दळ. रिक्षा, सायकली, आणि चौकातलं कॅमेऱ्याचं स्मारक.)

खरी कॉर्नरच्या या चौकात कोल्हापूरकरांनी एका कॅमेऱ्याचं स्मारक केलंय. रोज येणारा-जाणारा त्याच्याकडे वळून बघत नाही, सवयीचं झालंय. मी मात्र इथं आले की गाडीचा वेग आपोआप कमी करते. कारण हा कॅमेरा कुणी विकत आणलेला नव्हता. कोल्हापूरचे चित्रकार बाबूराव पेंटर आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी सिनेमा काढायचं मनावर घेतलं, तेव्हा विलायती कॅमेरा घेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग त्यांनी तो स्वतःच बनवायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले, कॅमेरा अर्धाच राहिला. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला. त्यावर काढलेला 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात लागला.

म्हणजे 'कॅमेरा परवडत नाही' हे दुखणं मराठी सिनेमाइतकंच जुनं आहे.

(दृश्य : खिडकीतली कुंडी. मातीतून वर येणारा कोंब, वेगवान चित्रण.)

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा, हातानं दांडा फिरवायचा कॅमेरा घेऊन आले. कॅमेरा आला, पण सिनेमाला पैसा कुठून आणायचा? तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याचं रोप होईपर्यंत रोज थोडं थोडं, एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर तो कोंब बघता बघता वर आला, आणि भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी कच्च्या फिल्मला कडेची भोकंसुद्धा घरीच पाडावी लागत. ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून करत. ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये तो सिनेमा लागला.

यातला वाटाणा मला फार मोलाचा वाटतो. कॅमेरा हाती आल्याबरोबर फाळक्यांनी राजवाडा उभा केला नाही. घरात, खिडकीतल्या उजेडात, समोर जे होतं त्यावर तो आधी चालवून बघितला.

सिनेमा करू बघणारी मुलं मला विचारतात, "ताई, कमी पैशात कोणता कॅमेरा घेऊ?" मी उलट विचारते, "तुझा वाटाणा कुठला?" सिनेमा कुठल्या खोलीत, किती वाजता, कुणाच्या तोंडून घडणार आहे, ते आधी सांग. दुकानाच्या लखलखाटात सगळेच कॅमेरे चांगले दिसतात.

(दृश्य : पहाटेचं स्वयंपाकघर. पातेल्यातून उठणारी वाफ.)

माझा वाटाणा म्हणजे आत्याच्या कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा. चौथ्या दिवशी पहाटे चारला तो शेगडीवर हाटायला घ्यायचा, म्हणजे ऊन चढायच्या आत सोऱ्यातून घालून होतात. आत्या हे सगळं करता करता बोलते. सासूबद्दल, दुष्काळाबद्दल, माझ्या आजोबांबद्दल. मला ते बोलणं हवं होतं. हाताच्या शिरा हव्या होत्या.

कॅमेरा सेकंडहँड होता, नुकताच घेतलेला. चार वाजता लावला, सहाला थांबले, आणि गच्चीत बसून बघितलं तर भिंतीवरून करड्या पट्ट्या वर सरकत होत्या, एकामागून एक. आत्याचा चेहरा दाण्यादाण्यांचा झालेला. तिचा आवाज शेगडीच्या भरभरीत पार बुडालेला. चार दिवसांचं काम, आणि हाटलेला चीक काही परत हाटता येत नाही. मी रडले. त्या पहाटेनं मला जे शिकवलं तेच आज सांगते.

आधी पट्ट्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. माझ्या कॅमेऱ्याच्या मेनूत आधीच्या मालकानं एनटीएससी ही अमेरिकेकडची पद्धत निवडलेली होती, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) आणि १/६० चं शटर, प्रत्येक चित्राला सेकंदाचा साठावा भाग उजेड. ते ६० हर्ट्झच्या देशांसाठी ठीक. मेनूत जाऊन पाल ही ५० हर्ट्झच्या देशांची पद्धत निवडली, २५ फ्रेम, शटर १/५० केलं, आणि पट्ट्या गेल्या. बिनपैशाचा उपाय. पण कॅमेरा बाहेरदेशातून आलेला असेल तर मेनूत पाल मिळतं का, हे पैसे देण्याआधी बघून घ्या. काही स्वस्त एलईडी दिवे स्वतःच्याच तालावर लुकलुकतात, त्यांना १/५० सुद्धा पुरत नाही. तिथं १/१०० करून बघायचं, नाही जमलं तर दिवाच बदलायचा.

मग अंधार. अंधाराला घाबरून लोक महाग बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेतात. खरं काम लेन्स करते. बऱ्याच कॅमेऱ्यांबरोबर १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स येते. ती पुढे झूम केली की तिचं छिद्र एफ ५.६ पर्यंत आवळतं (एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त). ५० मिलिमीटरची एफ १.८ ही साधी, हलकी लेन्स त्याच जागी नऊ-दहा पट उजेड आत घेते. तुमच्या सगळ्या खरेदीत ही सर्वांत फळणारी वस्तू. फक्त दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात ५० नं कोंडल्यासारखं होतं. भिंतीला पाठ टेकवून उभं राहिलं तरी अर्धीच आत्या दिसते. लहान घरात शूट करणार असाल तर ३५ किंवा त्याहून लहान आकड्याची, रुंद दिसणारी लेन्स घ्या.

आणि घरातली कपाटं उघडून बघा. मामाचा, काकांचा जुना फिल्म कॅमेरा कुठेतरी पडलेला असतो. त्यात रशियन झेनिट निघाला, तर त्याच्या तोंडावर बहुधा हेलिओसची ५८ मिलिमीटर एफ २ लेन्स असेल. ती आजच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्याला बसते. कारण साधं आहे. सोनीच्या ई-माउंटमध्ये, म्हणजे लेन्स बसवायच्या त्यांच्या खाचेत, लेन्सची बैठक सेन्सरपासून (चित्र टिपणाऱ्या चिपपासून) फक्त १८ मिलिमीटरवर असते. झेनिटसारख्या जुन्या कॅमेऱ्यात हे अंतर ४५ मिलिमीटरच्या आसपास. मधल्या जागेत पोकळ अडॅप्टर घातला की झालं. फोकस हातानं फिरवावा लागतो, आणि मला वाटतं सुरुवातीला तो हातानंच फिरवावा. कुठं बघायचंय हे हाताला कळायला लागतं.

(दृश्य : मुंबई, बोरा बाजार. काउंटरवर जुने कॅमेरे.)

मुंबईत सीएसएमटीच्या समोर, फोर्टात बोरा बाजार आहे. सेकंडहँड घ्यायचं तर इथं अर्धा दिवस काढावा. माझ्या पर्समध्ये तेव्हा तीन गोष्टी असतात : स्वतःचं कार्ड, हेडफोन आणि लहान बॅटरी, म्हणजे टॉर्च. लेन्सचं मागचं झाकण काढायचं, छिद्र पूर्ण उघडायचं, आणि टॉर्चचा झोत तिरका आत टाकायचा. आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले की ती लेन्स खाली ठेवायची. ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या चार पावसाळ्यांत कपाटात बंद पडलेल्या लेन्सला ती हमखास धरते. धुळीचा एखादा कण चालतो, बुरशी चालत नाही. (घरी आपल्या लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पोळ्यांचा डबासुद्धा चालतो, झाकण घट्ट हवं.) मग लेन्सला टोपण लावून दोन मिनिटं काळोख रेकॉर्ड करायचा आणि मोठ्या पडद्यावर बघायचा. लाल, निळे ठिपके एकाच जागी ठाण मांडून असतील तर सेन्सर थकलाय.

आता नावं. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या डिजिटल फोटो कॅमेऱ्यात, व्हिडिओ आला २००८ साली, आधी निकॉन डी९० आणि पाठोपाठ कॅनन फाइव्ह-डी मार्क टू. तिथून आमच्यासारख्यांचं दार उघडलं. फाइव्ह-डी एका दमात फुल एचडीची जेमतेम बाराच मिनिटं टिपायचा, कारण फाइल चार जीबीवर तुटायची. तरी लोकांनी त्यावर सिनेमे केले. कॅननचा ५५०डी २०१० चा, अजूनही जुन्या बाजारात फिरतो. माइक लावायला जागा आहे, हेडफोनला नाही. म्हणजे आवाज जातोय की नाही हे घरी गेल्यावर कळतं. कॅननच्याच एम५० वर 'फोर-के', म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सेल, असं लिहिलंय खरं, पण फोर-के लावलं की चित्र चारी बाजूंनी कापलं जातं आणि ऑटोफोकसही कमजोर होतो. तो फुल एचडीचाच कॅमेरा समजून घ्यावा. सोनीच्या झेडव्ही-ई१० ला माइक आणि हेडफोन दोन्हीची सोय आहे, ऑटोफोकस भरवशाचा. पण हाताचा कंप सावरणारी सोय बॉडीत नाही, शिवाय कॅमेऱ्याची मान झटकन वळवली की चित्रातले खांब तिरके होतात. म्हणून ट्रायपॉड सोडू नका. पॅनासॉनिकचा जी८५ बॉडीतच हाताचा कंप सावरून देतो, त्याच्या बदल्यात सेन्सर लहान, म्हणून अंधारात लवकर दमतो.

आणि ब्लॅकमॅजिकचा पॉकेट फोर-के हा छोटा सिनेकॅमेरा. रंग बघितले की जीव जडतो. बरोबर दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्तीही मिळते. पण बॅटरी भराभर पितो, चालत्या माणसाच्या मागे आपोआप फोकस करत नाही, आणि कार्डं, डिस्क यांची भूक मोठी. सोबतीला तीन माणसं असतील तर जरूर घ्या. एकटी पोर कॅमेरा घेऊन आजीच्या मागे फिरणार असेल तर मी घेऊ देणार नाही.

सेन्सर लहान की मोठा यावर रात्र रात्र वाद चालतात. इतकंच सांगते : आपण ज्या सिनेमावर वाढलो तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरचा. ती फिल्म सिनेकॅमेऱ्यात उभी धावते, म्हणून तिची चौकट साधारण आजच्या एपीएस-सी, म्हणजे मधल्या मापाच्या, सेन्सरएवढीच पडते. फुल फ्रेम, म्हणजे त्याहून मोठा सेन्सर, नाही म्हणून सिनेमा होत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

फोर-के हवंच का? सेकंदाला शंभर मेगाबिटनं रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन प्रती ठेवल्या, आणि ठेवायलाच हव्यात, तर ९०. दहा तास टिपणार असाल तर हिशेब करा, तुमचा लॅपटॉप आठवा, आणि मग ठरवा. माझं पहिलं पुरं काम फुल एचडीत आहे. एका महोत्सवात मोठ्या पडद्यावर बघितलं, कुणीही पिक्सेल मोजले नाहीत.

(दृश्य : ओट्यावर उभा टेकवलेला मोबाइल.)

हातात फक्त मोबाइल असेल तर? तर आजच सुरू करा. अमेरिकी दिग्दर्शक शॉन बेकर यांनी 'टँजरीन' हा सिनेमा आयफोन ५एस वर केला, तो २०१५ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. दहा वर्षांनी त्याच माणसाला ऑस्कर मिळालं. इथं मालेगावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवता चालवता सिनेमे काढत होते, सायकलीची ट्रॉली, बैलगाडीची क्रेन. मोबाइलची एकच खोड ध्यानात ठेवा : त्याचं नेहमीचं कॅमेरा अ‍ॅप फ्रेमचा वेग मधूनमधून बदलतं. वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज दहा मिनिटांनी ओठांपासून निसटायला लागतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरासारखं फुकट अ‍ॅप घ्या, २५ फ्रेम आणि १/५० बांधून टाका.

आवाजाचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण पैसे त्याच्यासाठी आधी बाजूला काढायचे असतात. पुसट चित्र लोक सहन करतात, न कळणारा शब्द नाही करत. छोटा कॉलर माइक, तो दुसऱ्या मोबाइलला जोडलेला, मोबाइल आत्याच्या कमरेला पदरात खोचलेला. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायची, त्या टाळीवर चित्र आणि आवाज जुळवायचा. माझा हिशेब असा : हातातल्या पैशांपैकी निम्म्याहून जास्त बॉडीवर घालायचे नाहीत. बॉडी पाच वर्षांत जुनी होते, लेन्स आणि ट्रायपॉड तुमच्याबरोबर म्हातारे होतात. आणि निवड होतच नसेल तर विकत घेऊ नका, दोन दिवस भाड्यानं आणा आणि तुमच्या वाटाण्यासमोर उभा करा.

(दृश्य : पुन्हा तेच स्वयंपाकघर.)

पुढच्या उन्हाळ्यात मी तेच केलं. कुरडयांच्या आठ दिवस आधी, पहाटे चारला, साधं पाणी उकळत ठेवून तासभर चाचणी घेतली. तेव्हा कळलं, गार खोलीतून आणलेल्या लेन्सवर वाफेचं धुकं धरतं. म्हणून कॅमेरा अर्धा तास आधी ओट्याजवळ आणून ठेवायचा. गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात तो तापून बंद पडतो, म्हणून वर छत्री धरायला चुलतभाऊ. ट्यूबलाइट बंद, खिडकीच्या बाजूला एकच दिवा, समोरच्या भिंतीवर पांढरी चादर.

त्या दिवशी मी लेन्स पुसली, शटर बघितलं, कानाला हेडफोन लावला. पातेल्यात चीक रटरटायला लागला होता. आत्यानं पदर खोचला, माइक चाचपला, आणि तिचा श्वाससुद्धा मला ऐकू आला.

"झालं का गं तुझं लावून?" ती म्हणाली. "चीक थांबायचा नाही हं."

मी टाळी वाजवली.