कासवाचा फ्लिपर, पाण्यात आणि वाळूत

हे समुद्री कासव. पुढचे दोन्ही फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखे चपटे पाय, बघा, एकदम वर जातात, एकदम खाली येतात, आणि खाली येताना असे तिरके वळतात की पाणी मागे रेटलं जातं नि कासव पुढे. मागचे दोन निवांत असतात, वळायचं असलं की तेवढे हलतात.

आतमध्ये दंडाचं हाड, कोपराखालची दोन हाडं आणि पाच लांबलचक बोटं, सगळं एकाच कातडीत गुंडाळलेलं. म्हणजे हातच आहे हो तो! सील घ्या नाहीतर व्हेल घ्या, आतली मांडणी साधारण हीच.

सी लायन आणि सील यात लोक नेहमी गोंधळतात. सी लायन पुढच्या फ्लिपरने पोहतो, आणि जमिनीवर आला की मागचे फ्लिपर पोटाखाली वळवून चक्क चालतो. सील पोहतो मागच्या फ्लिपरच्या जोरावर, पण ते पुढे वळतच नाहीत, म्हणून काठावर त्याला असं पोटावर सरपटावं लागतं. पेंग्विनचा तर पंखच फ्लिपर झालाय, वर नेताना पण जोर लावतो आणि खाली आणताना पण. हंपबॅक व्हेलचा फ्लिपर अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश लांब, पण तो मुख्यतः वळायला, पुढे ढकलायचं काम शेपटीचं.

आता परत आपल्या कासवाकडे, कारण खरी गंमत इथे आहे. मादी अंडी घालायला रात्री वाळूवर येते. पाण्यात उडल्यासारखी जाणारी ही बाई इथे एकेक पाऊल धापा टाकत ओढते, मध्येच थांबते, परत ओढते. जागा पसंत पडली की पुढच्या फ्लिपरने वरची वाळू उडवते आणि मग मागचे कामाला लागतात, एक आत जातो, वाळू उचलून बाहेर टाकतो, मग दुसरा, मग परत पहिला, आणि हे सगळं मागे न बघता! खड्डा तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. अंडी घालून झाली की त्याच फ्लिपरने बुजवून, दाबून टाकते.

कासवाला हे फ्लिपर कवचात ओढून घेता येत नाहीत, त्यामुळे समुद्रात टाकलेलं जाळं आधी यांनाच अडकतं, आणि श्वास घ्यायला वर येता आलं नाही तर कासव बुडून मरतं. असं अडकलेलं कासव दिसलं तर फ्लिपर धरून ओढू नका, उचलू तर अजिबात नका, सांध्याला इजा होते. आधी वनविभागाला किंवा कासवांवर काम करणाऱ्यांना फोन करा.