नकाशावरचा शेवटचा ठिपका

ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदाच पॅराग्लायडिंगसाठी हिमाचलातल्या बीर-बिलिंगला निघालेल्या मंडळींसाठी हे मुद्दाम बोलतो आहे. कामशेतला उडताना उतरायची जागा बहुतेक वेळा डोळ्यांसमोर असते आणि खाली कोणीतरी आपल्याकडे बघत असतं. बिलिंगचं टेक-ऑफ, म्हणजे उड्डाणाची जागा, आहे सुमारे २४०० मीटरवर, धौलाधार डोंगररांगेच्या अंगावर. चांगला थर्मल, म्हणजे वर चढणारा गरम हवेचा झोत, लागला आणि धरमशालेच्या दिशेने निघालात, की थोड्याच वेळात तुम्ही सगळ्यांच्या नजरेआड जाता. तिथे जीपीएसचा खरा उपयोग सुरू होतो.

एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. जीपीएस फक्त उपग्रहांचं ऐकतो. तुम्ही कुठे आहात हे तो तुम्हाला सांगतो, दुसऱ्या कोणालाही नाही. ती जागा खालच्या माणसांपर्यंत पोहोचवायला मोबाइलचं नेटवर्क लागतं, रेडिओ लागतो. परदेशातले पायलट थेट उपग्रहातून संदेश पाठवणारं यंत्र वापरतात. आपल्याकडे ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे. म्हणून आपला सगळा भार मोबाइलवर. आणि पहिल्या डोंगररांगेमागे गेलात की रेंज जाते.

लाइव्ह ट्रॅकिंगच्या नकाशावर ठिपका थांबला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. पण तो ठिपका म्हणजे रेंज गेली ती जागा असू शकते. पायलट पडला ती जागा तीच असेल असं नाही. शोधणाऱ्यांनी आधी हा फरक करायला हवा. शेवटच्या काही नोंदी उघडून बघा. जमिनीपासून ३०० मीटर उंचीवर सरळ, नेहमीच्या वेगाने उडत असताना नोंद तुटली असेल, तर आठास एक या ग्लाइडने (एक मीटर खाली येताना आठ मीटर पुढे), शांत हवेतसुद्धा, तो जवळजवळ अडीच किलोमीटर पुढे गेलेला असू शकतो. वाटेत थर्मल मिळाला असेल तर कितीही लांब. पण त्याच उंचीवर उतरण्याचा वेग अचानक सेकंदाला पाच मीटर झालेला दिसला आणि तो वाऱ्याबरोबर नुसता वाहत असेल, तर बहुधा रिझर्व्ह, म्हणजे आणीबाणीचं पॅराशूट, उघडलं आहे. मग खाली यायला एक मिनिट. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात तो साडेतीनशे मीटरच्या आसपासच सापडायला हवा, वारा वाहतो त्या दिशेला. कुठे माणसं पाठवायची, याचा निर्णय या शेवटच्या नोंदींवर ठरतो. म्हणून उंची, वेळ आणि दिशा यांच्यासकट ट्रॅक वाचता येणारा एक माणूस खाली हवाच. मला तर तो महागड्या व्हेरिओपेक्षा (चढ-उताराचा वेग दाखवणाऱ्या यंत्रापेक्षा) जास्त मोलाचा वाटतो.

आता आकडे सांगण्याबद्दल. तुमच्या यंत्रावर ३२ अंश ०५.५०० मिनिटं दिसतंय आणि समोरच्याने ते ३२.०५५०० अंश असं लिहून घेतलं, तर जागा चार किलोमीटर सरकते. धौलाधारमध्ये चार किलोमीटर म्हणजे वेगळी दरी, वेगळी वाट आणि कदाचित हातचा उजेड गेलेला. टेक-ऑफवर, ब्रीफिंगमध्येच, सगळ्यांनी एकच पद्धत ठरवा. दशांश अंश, दशांशानंतर पाच आकडे; तेवढ्यात साधारण एक मीटरपर्यंतची जागा लिहिता येते. रेडिओवर एकेक आकडा सुटा बोला आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

उतरल्यावर ग्लायडर लगेच गोळा करा. पसरून ठेवलेला ग्लायडर म्हणजे मदत हवी आहे, असंच वरून उडणारा समजतो. मग घडी घालायच्या आधी रिट्रीव्हच्या, म्हणजे परत न्यायला येणाऱ्या गाडीच्या, ड्रायव्हरला जागा पाठवा, साध्या एसएमएसने; इंटरनेट चालत नाही तिथेही तो बऱ्याचदा जातो. आणि खरंच लागलं असेल, हलता येत नसेल, तर ग्लायडर पसरलेलाच राहू द्या. वरचा पायलट तुमच्या डोक्यावर येऊन जीपीएसवर त्या जागेचा वेपॉइंट नोंदवेल आणि त्याला रेंज असेल तिथून तो आकडा खाली कळवेल.