रस्त्याला एक वार द्या

नाशिकच्या तिवंधा चौकातून तुम्ही गाडीने शेकडो वेळा गेला असाल. त्या रस्त्याच्या पोटात रंगाचा हौद आहे, हे बाहेरगावच्या माणसाला सांगून पटत नाही. पेशव्यांच्या काळापासूनची ती रहाड. वर्षभर लाकडी ओंडक्यांखाली आणि मातीखाली झाकलेली असते, वरून रिक्षा, स्कूटर, टेम्पो सगळं जात असतं. रंगपंचमी आली की चौक अडवतात, माती काढतात, ओंडके बाजूला घेतात, रंग कालवतात आणि माणसं धप्पा मारायला, म्हणजे त्यात उडी घ्यायला, रांग लावतात. त्या दिवशी कुणी विचारत नाही की मग गाड्या कुठून जाणार? गाड्या वळसा घालून जातात. सगळ्यांना ठाऊक असतं.

चैत्रात कामदा एकादशीला रथ निघतात, तेव्हाही तेच. काळारामाच्या रथापुढे मानकरी बुवा रथाकडे तोंड करून उलट पावली चालतात. जो माणूस पाठीमागे न बघता अख्खी मिरवणूक चालतो, त्याला रस्त्यावर केवढा विश्वास लागत असेल याचा मी लहानपणापासून विचार करत आले आहे. मागून काही येणार नाही, ही खात्री त्या दिवशी गाव त्यांना देतं. दोर ओढणाऱ्या तालमीतल्या पोरांना देतं, कडेवर लेकरू घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला देतं.

मला आज एवढंच मागायचं आहे की ही खात्री दर रविवारी सकाळी तीन तास, शहरातल्या एका रस्त्यावर, पायी चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला द्या. वर्षातून एकदा बॅनर लावून नको. दर आठवड्याला हवी.

मी तीस वर्षं शाळेत मुलांना खेळ शिकवले, म्हणून सायकल शिकवण्याचं उदाहरण देते. सायकल शिकणारं पोर का पडतं? तोल डावीकडे गेला की ते घाबरून हँडल उजवीकडे ओढतं. खरं तर ज्या बाजूला तोल जातो त्याच बाजूला हँडल किंचित वळवायचं असतं. हे तोंडाने सांगून कळत नाही, अंगाला कळावं लागतं. त्यासाठी सलग पायडल मारावं लागतं, सायकलला थोडा वेग यावा लागतो. मागे सीट धरून पळणाऱ्याच्या हिशेबाने बोलायचं तर पन्नास पावलांचा मोकळा, सरळ रस्ता हवा. पंधराव्या पावलाला हात हलका करायचा, तिसाव्याला सोडायचा, आणि पुढची वीस पावलं नुसतं 'धरलंय, धरलंय' म्हणत पळायचं.

आमच्या कॉलनीत ही पन्नास पावलं नाहीत. दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट. माझी नात आठ वर्षांची. दहाव्या पावलाला समोरून स्कूटर यायची, ती पाय टेकायची. पुन्हा सुरुवात, पुन्हा रिक्षा. चौथ्या दिवशी म्हणाली, आजी, नको मला सायकल. ती शेवटी शिकली रथाच्या दिवशी, गणेशवाडीच्या बाजूला. पोलिसांनी रस्ता अडवला होता, रथ यायला अवकाश होता, रांगोळ्या घालायला नुकती सुरुवात होत होती. तिसऱ्या फेरीला मी हात सोडला आणि ती गेली. दोन रांगोळ्यांच्या मधून, हँडल डगमगवत, सरळ गेली. रांगोळी घालणाऱ्या बाईंनी डबा उचलून तिला वाट दिली.

आमच्या पिढीने तासाच्या भाड्याची सायकल घेऊन, मधल्या दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत गल्लीत हेच केलं. त्या वेळी त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही. आणि हे शहर सायकलीचं शहर म्हणून उगाच ओळखलं जात नाही. 2015 साली इथल्या डॉक्टर महाजन बंधूंनी दोघांच्या संघाने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. 2017 साली तेव्हा नाशिकमध्येच राहणारे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. इथून पंढरपूरला सायकलवारी जाते. अमेरिका आडवी पार करणारी माणसं ज्या गावात राहतात, तिथल्या चौथीतल्या मुलीला पन्नास पावलं मिळू नयेत, याचं मला फार वाईट वाटतं.

आता बाहेर काय झालं ते सांगते. कोलंबिया देशातलं बोगोटा. 1974 च्या डिसेंबरात तिथल्या सायकलप्रेमींनी मोटारींच्या वाढत्या वर्चस्वाविरुद्ध एका सकाळी मोठे रस्ते ताब्यात घेतले. पुढे नगरपालिकेने तो उपक्रम स्वतःकडे घेतला. आज दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन, शंभर किलोमीटरहून जास्त लांबीचे रस्ते मोटारींना बंद असतात. त्याला ते 'सिक्लोविया' म्हणतात. करण्याची रीत साधी आहे. दुभाजक असलेल्या रस्त्याची बऱ्याच ठिकाणी एकच बाजू बंद करतात, दुसरीवरून वाहतूक चालू राहते. आडवे रस्ते तोडत नाहीत. चौकात माणसं उभी असतात, ती आळीपाळीने सायकली थांबवतात आणि गाड्या सोडतात. म्हणजे शहर बंद पडत नाही. हे इतकी वर्षं टिकलं, कारण वार आणि वेळ ठरलेली आहे. घरातल्या म्हाताऱ्यालाही विचारावं लागत नाही की आज आहे का.

हॉलंडची गोष्ट वेगळी. 1971 साली त्या छोट्या देशात तीन हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आई-बाप रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचं नावच होतं 'मुलांची हत्या थांबवा'. तेवढ्यात 1973 चं तेलसंकट आलं आणि सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या. लोक हमरस्त्यावर सायकली आणि स्केट घेऊन आले. आज आपण ज्या डच सायकलमार्गांचे फोटो बघतो, त्यांच्यामागे त्या आयांचा संताप आहे. ते आपसूक झालेलं नाही.

आपल्याकडे गुरुग्राममध्ये 2013 साली 'राहगिरी' सुरू झाली, 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी काही रस्ते मोकळे केले, पुण्यात 11 डिसेंबरला लक्ष्मी रोड पादचाऱ्यांसाठी ठेवतात. चांगलंच आहे. पण माझं मत स्पष्ट सांगते. जिथे स्टेज आलं, स्पीकर आला, पाहुणे आणि टी-शर्ट आले, तिथे तो कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रम संपतो. रविवारी सकाळी सहाला कुणाच्या खिडकीखाली झुंबाची गाणी वाजली तर तो माणूस पुढच्या वेळी विरोधाच्या अर्जावर पहिली सही करेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. मोकळ्या रस्त्याला करमणूक लागत नाही.

आपला बुधवारचा बाजार बघा. इथेच, गोदाघाटावर भरतो. त्याची जाहिरात कोण करतं? कुणीच नाही. खेड्यातली बाई मेथीच्या जुड्या घेऊन येते, कारण तिला वार माहीत आहे. गिऱ्हाईक येतं, कारण त्यालाही वार माहीत आहे. एखाद्या बुधवारी पाऊस झाला, माणसं कमी आली, तरी पुढच्या बुधवारी बाजार भरतोच. रस्त्यालाही असाच वार लावून द्यायचा. पहिल्या रविवारी चाळीस माणसं आली तरी चालेल.

रस्ता कुठला? मला विचाराल तर सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, ते अशोकस्तंभ. जिल्हा न्यायालय आणि कलेक्टर ऑफिस याच पट्ट्यात, दोन्ही रविवारी बंद. दुकानं सकाळी नऊ-दहापर्यंत उघडत नाहीत, म्हणून वेळ सहा ते नऊ. सीबीएसचा चौक मात्र अडवायचा नाही, एसटीला तिथून वळायचं असतं. मेहेरचा चौकही आडव्या वाहतुकीला खुला ठेवायचा. रस्त्यावर राहणाऱ्यांची गाडी आत-बाहेर करायची असेल तर स्वयंसेवकाने पुढे चालत ती सोडायची, चालण्याच्या वेगाने. अँब्युलन्स आली की शिट्टी वाजेल, शिट्टी वाजली की सगळ्यांनी डावीकडे. ही सवय दोन रविवारांत लागते, मी चारशे मुलांना मैदानावर लावली आहे.

कायद्याची अडचण नाही. मोटार वाहन कायद्याच्या, 1988 च्या, कलम 115 मध्ये ठरावीक रस्त्यावर वाहनांना मनाई करण्याची तरतूद आहे. गणपतीच्या मिरवणुकीला वर्तमानपत्रात 'वाहतूक मार्गात बदल' छापून येतं, तसंच हे. केंद्राच्या 2006 च्या शहरी वाहतूक धोरणातही लिहिलं आहे की विचार वाहनं हलवण्याचा नाही, माणसं हलवण्याचा करा.

गाड्या शेजारच्या रस्त्यांवर जातील आणि तिथे कोंडी होईल, ही शंका खरी आहे. ती रविवारी सकाळी सातला किती होते ते उभं राहून मोजलं पाहिजे. आणि कोंडी झालीच तर लांबी कमी करू. एवढा हट्ट मी धरणार नाही. आणखी एक गोष्ट. चहावाला, पोहेवाला, सायकलचं पंक्चर काढणारा, यांना त्या तीन तासांत कडेला बसू द्यायचं. त्यांना हाकलून मोकळा केलेला रस्ता मला नको.

2027 मध्ये कुंभाच्या पर्वण्या आहेत. गाड्या बाहेर थांबतील आणि लाखो माणसं पायी रामकुंडाकडे येतील. अशा दिवसांचा सराव या शहराला पिढ्यान्‌पिढ्या आहे. पोलिसांना, आपल्याला, बॅरिकेड लावणाऱ्या पोरांना.

येत्या रविवारी सकाळी सहाला मी अशोकस्तंभाशी असेन. शाळेतली मैदान आखायची टेप माझ्याकडे आहे. रस्त्याची रुंदी, किती फाटे येतात, कुठल्या चौकात किती माणसं लागतील, हे सगळं वहीत उतरवायचं आहे, म्हणजे अर्जासोबत नकाशा देता येईल. टेपचं दुसरं टोक धरायला एक जण हवा. आणि ज्यांच्याकडे शिट्टी असेल त्यांनी आणा.