अंगावर पित्त उठलं तर: पहिला तास आणि पुढचे सहा आठवडे

मंडळी, विषय अगदी घरातला आहे. संध्याकाळपर्यंत माणूस ठणठणीत असतो. रात्री कमरेला नाडीच्या खाली खाज सुटते, खाजवलं की गांध उठते, आणि तासाभरात मांड्या, पाठ, पोट सगळं लाल आणि जाड होऊन बसतं. घरातले घाबरतात. कुणी गरम पाणी काढतं, कुणी घोंगडी शोधतं, कुणी ॲसिडिटीची गोळी हातात ठेवतं. यातलं एकही कामाचं नाही, आणि पहिली दोन तर त्रास वाढवणारी आहेत. पण सुरुवात तिथून नको.

सुरुवात श्वासापासून करायची. अंग कितीही भयानक दिसत असलं तरी गांधींच्या संख्येवरून धोका ठरत नाही. आवाज घोगरा झाला आहे का? जीभ किंवा घसा सुजल्यासारखा वाटतो का, थुंकी गिळता येते का? दम लागतोय, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय? उभं राहिल्यावर अंधारी येते? उलट्या थांबत नाहीत, पोटात मुरडा धरलाय? लहान मूल एकाएकी मलूल पडलंय? यातलं एक जरी असेल तर हे साधं पित्त नव्हे, ही ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, आहे असं धरून चालायचं. शंभरातल्या दहा-वीस जणांना तर ॲनाफिलॅक्सिसमध्ये अंगावर काहीच उठत नाही. म्हणजे कोळंबी खाल्ल्यावर किंवा गांधीलमाशी चावल्यावर माणूस भोवळ येऊन पडला आणि कातडी स्वच्छ आहे, तरी निर्धास्त राहता येत नाही.

अशा वेळी 108 ला फोन लावा आणि माणसाला आडवं करून पाय उशीवर उंच ठेवा. दम लागत असेल तर पाय लांब करून बसवा, गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर वळवा. सगळ्यात मोठी चूक पुढे होते: दोन्ही बाजूंनी धरून त्याला जिना उतरवून रिक्षापर्यंत चालवत नेतात. रक्तदाब आधीच पडलेला असतो, उभं केलं की हृदयाकडे परत येणारं रक्त आणखी कमी होतं, आणि माणूस जिन्यातच कोसळू शकतो. खुर्चीवरून न्यायचं तर मागे रेलवून न्या, पण चालवू नका.

दवाखान्यात पोचल्यावर औषध एकच, ॲड्रेनलिन. मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. एका मिलीत 1 मिलीग्रॅम अशी ॲम्प्यूल असते. त्यातून मोठ्या माणसाला अर्धा मिली, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला साधारण 0.3 मिली, त्याहून लहानाला 0.15 मिली. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा तेवढाच डोस. आपल्याकडे ‘ॲव्हिल-डेक्सा’ची जोडी (ॲव्हिल म्हणजे ॲलर्जीचं जुनं औषध, डेक्सा म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड) देऊन वाट बघायची पद्धत मुरलेली आहे. ती औषधं खाजेवर चालतात, पण डेक्सामेथासोनला असर दाखवायला काही तास लागतात आणि ॲव्हिल आवळलेला घसा मोकळा करत नाही की पडलेला रक्तदाब वर आणत नाही. नातेवाइकांनी तिथे ‘ॲड्रेनलिन दिलं का?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ झालं. बरं वाटल्यावर लगेच घरी जायची घाई करू नये. काही तासांनी हाच प्रकार उलटू शकतो, म्हणून डॉक्टर ठेवून घेतात तेव्हा राहावं.

आता बाकीचे, म्हणजे बहुसंख्य लोक. श्वास ठीक, रक्तदाब ठीक, फक्त अंग पेटलंय.

कातडीखाली मास्ट पेशी असतात, त्यांत हिस्टामिन नावाच्या रसायनाच्या पुड्या भरलेल्या असतात. त्या फुटल्या की बारीक रक्तवाहिन्या नव्या माठासारख्या पाझरायला लागतात. तो पाझर म्हणजे गांध, आणि मज्जातंतूंना हिस्टामिन लागलं म्हणजे खाज. सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी हे हिस्टामिन पुसत नाही, ते जिथे जाऊन चिकटतं ती जागा अडवते. म्हणून आधीच उठलेली गांध गोळीने लगेच बसत नाही, नवी उठायची थांबते. सेट्रिझिन घेतल्यावर तासाभराने फरक जाणवू लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे वीस मिनिटांत दुसरी गोळी, मग तिसरी, असं होतं.

मोठ्या माणसाला सेट्रिझिन 10 मिलीग्रॅम, किंवा लेव्होसेट्रिझिन 5, किंवा लोराटाडिन 10, किंवा फेक्सोफेनाडिन 180, यातलं कुठलंही एक, दिवसातून एकदा. फेक्सोफेनाडिन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेऊ नका, नीट शोषलं जात नाही. साधं पाणी पुरे. बिलास्टिन 20 मिलीग्रॅम उपाशीपोटी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला सेट्रिझिन 5 मिलीग्रॅम दोनदा, दोन ते पाच वर्षांच्या मुलाला अडीच मिलीग्रॅम दोनदा. सिरपची बाटली वाचून घ्या, बहुतेकांत 5 मिलीत 5 मिलीग्रॅम असतं, आणि माप झाकणाचं किंवा सिरिंजचं, चहाच्या चमच्याचं नको. दोन वर्षांखालचं बाळ, किडनीचा आजार, गरोदरपण, या तिन्हींत आधी डॉक्टर.

ॲव्हिल, म्हणजे फेनिरामिन, जुनं औषध. झोप आणतं, तोंड कोरडं करतं, म्हाताऱ्या माणसाला भ्रमल्यासारखं करतं, लघवी तुंबवू शकतं. ‘गुंगी आली म्हणजे लागू पडलं’ ही समजूत सोडून द्यावी. सेट्रिझिननेही काहींना झोप येते, तेव्हा पहिल्या दिवशी स्कूटर नको.

गोळी ‘उठलं की घेईन’ अशी घेतली तर कायम उशिराच पोचते. रोज ठरल्या वेळी घ्या, आणि अंग साफ झाल्यावरही काही दिवस चालू ठेवा. एका गोळीने भागलं नाही तर तेच औषध दुप्पट, गरज पडली तर चौपटीपर्यंत देता येतं. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे. पण हा आकडा डॉक्टरने ठरवायचा.

घरच्या उपायांत आमसुलाचा कोळ चांगला की वाईट, हे विचारणारी चिठ्ठी नेहमी येते. गार पाण्यात आमसुलं कोळून अंगाला लावली तर गारव्याने खाज दबते, श्रेय गारव्याला. खाजवून सोललेल्या जागी मात्र ते आंबट पाणी चुरचुरतं. पिण्याला हरकत नाही, पण त्याने गांधी जात नाहीत, जशा पॅन्टोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीनेही जात नाहीत. पोटातल्या आम्लाचा यांच्याशी संबंध नाही. घोंगडी पांघरणं किंवा तिने अंग घासणं अगदी उलट काम करतं. खरखरीत लोकर आणि ऊब, दोन्हींनी मास्ट पेशी आणखी फुटतात. कढत पाण्याची अंघोळ क्षणभर फार बरी वाटते, आणि अर्ध्या तासात दुप्पट वसूल करते. साधा पंचा गार पाण्यात भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटं ठेवावा. कॅलामाइन लोशन बाटली हलवून, चोळून न लावता टिपून लावावं. नखं कापा. सैल सुती कपडे घाला. परकराची नाडी, बेल्ट, इलॅस्टिक, खांद्यावरच्या पिशवीचा बंद जिथे दाबतो तिथे गांधी आधी उठतात. दारू आणि उन्हातली पायपीट आठवडाभर बंद. स्टेरॉइडची मलमं गांधीवर चालत नाहीत, आणि गजकर्णाच्या त्या तीन-चार औषधांच्या मिश्र ट्यूब तर लावूच नयेत.

अंगदुखी असली तरी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन टाळा. पित्त दुसऱ्याच कारणाने उठलेलं असलं तरी या गोळ्या ते भडकवतात. तापाला बहुतेकांना पॅरासिटामॉल चालतं. हृदयासाठी डॉक्टरने दिलेलं ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका, आधी विचारा.

स्टेरॉइडच्या गोळ्यांबद्दल आमचं मत थोडं कडक आहे. फारच तीव्र असेल, चेहरा सुजला असेल, तर प्रेडनिसोलोन 20 ते 50 मिलीग्रॅम रोज, चार-पाच दिवस, फार तर दहा. त्याने जादूसारखा आराम पडतो, हीच पंचाईत. थांबवलं की अंग पुन्हा भरतं, उरलेल्या गोळ्या घरात असतात, शेजारच्या केमिस्टकडे चिठ्ठी लागत नाही, आणि महिन्याभराने साखर वाढलेली, चेहरा गोल झालेला माणूस समोर येतो.

मग कारण? पहिला प्रश्न हाच असतो, ‘काय खाल्लं?’ खरं तर अचानक उठणाऱ्या पित्तात, विशेषतः मुलांमध्ये, सगळ्यात जास्त वेळा कारण असतं ते सर्दी-तापाचं व्हायरल. पुष्कळांना कारण सापडतच नाही, आणि न सापडताही ते बरं होतं. गोची अशी की ताप आला म्हणून अँटिबायोटिक दिलेलं असतं आणि पाचव्या दिवशी पित्त उठतं. दोष औषधाला की व्हायरसला हे त्या दिवशी सांगता येत नाही. औषधाचं नाव लिहून ठेवा, तपासून घेईपर्यंत पुन्हा घेऊ नका. पण ‘पेनिसिलिन चालत नाही’ हा शिक्का तपासाविना जन्मभर मिरवू नका, नाही तर पुढे गरजेच्या वेळी चांगलं औषध हातचं जातं.

खाण्याची ॲलर्जी असेल तर ती घड्याळ पाळते. खाल्ल्यापासून काही मिनिटं ते दोन तास. रविवारी कोळंबी आणि मंगळवारी पित्त, म्हणजे कोळंबी निर्दोष. खरी ॲलर्जी असेल तर दर वेळी उठतं, कारण कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन शिजवून मोडत नाही. अशा माणसाला खेकड्यानेही बहुधा त्रास होतो.

किनारपट्टीवर एक वेगळाच प्रकार आहे, तो नीट समजून घ्या. बांगडा, तारली, सुरमई, कुपा हे मासे बर्फाविना तास न् तास पडून राहिले की जिवाणू त्यांच्या मांसातल्या हिस्टिडिन या घटकापासून हिस्टामिन तयार करतात. म्हणजे पुड्या अंगात फुटायच्या ऐवजी ताटातच फुटलेल्या असतात. असा मासा तळला, उकळला, पुन्हा फ्रीजमध्ये टाकला तरी हिस्टामिन जात नाही. कधी चव तिखट-झणझणीत लागते, तोंडात चुरचुरतं. कधी काहीच कळत नाही. अर्ध्या-पाऊण तासात तोंड लाल, डोकं ठणकतं, धडधड, अंगावर चट्टे, जुलाब. ओळखायची खूण अशी की एकाच ताटातलं खाल्लेल्या अनेकांना एकदम होतं. बहुधा काही तासांत, उशिरात उशिरा दिवसभरात, ओसरतं. सेट्रिझिनने आराम पडतो. पण दम लागला तर वर सांगितलेलंच सगळं. या माणसाला बांगड्याची ॲलर्जी नाही. पुढच्या वेळी बर्फातला ताजा बांगडा त्याने खुशाल खावा.

याउलट पथ्याच्या नावाखाली वांगं, तूरडाळ, दही, अंडी, आंबट सगळं एकदम बंद होतं. त्यातून निघतं काय, तर अशक्तपणा. दीड-दोनशे पदार्थांची रक्ततपासणी करून आणू नका. रक्तात अँटिबॉडी सापडणं आणि ते खाऊन त्रास होणं या दोन गोष्टी आहेत, आणि आयजीजी या जातीच्या अँटिबॉडीच्या तपासणीला तर या कामी काही अर्थच नाही. पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेकांना एकही तपासणी लागत नाही.

त्याऐवजी बॉलपेन घ्या. एका गांधीच्या कडेने रेघ आखा, बाजूला वेळ लिहा, फोनवर फोटो काढा. साधी गांध 24 तासांच्या आत त्या जागेवरून, मागे काही न ठेवता, निघून जाते. दुसरीकडे नवी उठते. तीच गांध दुसऱ्या दिवशीही रेघेच्या आत असेल, खाजेपेक्षा दुखत असेल, जाताना निळसर डाग ठेवत असेल, तर रक्तवाहिन्यांची सूज असू शकते आणि कातडीचा तुकडा तपासावा लागतो. बोटांच्या बेचक्यांत, रात्री जास्त आणि घरात दोघा-तिघांना खाज म्हणजे खरूज. मध्ये टोचल्याची खूण असलेले, चार-चार दिवस टिकणारे कठीण दाणे म्हणजे किडे चावलेले. रानातून आल्यावर पाय एकदम पेटले तर खाजकुयली आठवा. तिची खाज मुख्यतः हिस्टामिनची नसते, म्हणून सेट्रिझिन फारसं चालत नाही. तिथे चिकटपट्टी लावून उपटून कूस काढावी. फोटोचा आणखी एक उपयोग: दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अंग साफ झालेलं असतं.

ओठ किंवा पापण्या सुजल्या आणि अंगावर एकही गांध नाही, तर रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं बघा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या जातीच्या गोळीने अशी सूज येऊ शकते, कधी गोळी सुरू होऊन वर्षं उलटल्यावरही. तिच्यामागे हिस्टामिन नसतं, त्यामुळे सेट्रिझिनने ती उतरत नाही. जीभ सुजत असेल तर सरळ रुग्णालय, आणि ती गोळी डॉक्टरला दाखवून बदलून घ्या.

सहा आठवडे उलटूनही रोज उठत असेल तर त्याला जुनाट म्हणतात, आणि तिथे ‘काय खाल्लं’ हा प्रश्न जवळजवळ निरर्थक असतो. पुष्कळदा शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच मास्ट पेशींना चिथावते. हिमोग्राम, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी), एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित अँटिबॉडी), थायरॉइडची अँटि-टीपीओ, एवढ्या तपासण्या पुरतात. काहींना ठरावीक गोष्टीनेच उठतं: ओरखडा, घाम, दाब, थंडी. थंडीने उठणाऱ्याने विहिरीत किंवा नदीत एकट्याने उडी मारू नये, सगळं अंग एकदम गार झाल्याने रक्तदाब पडून माणूस पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. गोळ्या चौपट करूनही भागलं नाही तर ओमालिझुमॅबचं इंजेक्शन, 300 मिलीग्रॅम, दर चार आठवड्यांनी कातडीखाली. महाग आहे, पण वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन चघळण्यापेक्षा कितीतरी बरं.

सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन महिनोन् महिने रोज घेत असाल तर एका दिवसात तोडू नका. ते थांबवल्यावर काहींना, पित्त नसतानाही, भयंकर खाज सुटते. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2025 मध्ये तशी सूचना काढली. आधी दिवसाआड, मग दोन दिवसांआड असं डॉक्टरच्या सल्ल्याने उतरवा. आणि ॲलर्जीची टोचून करायची तपासणी ठरली असेल तर गोळी साधारण आठवडाभर आधी बंद हवी, नाहीतर हातावर काहीच उठत नाही आणि निकाल खोटा निघतो.