एकखांबी तंबू

श्रोतेहो, नमस्कार.

१० डिसेंबर १९९४. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न शहरातलं ईवुड पार्क हे फुटबॉलचं मैदान. यजमान ब्लॅकबर्न रोव्हर्स त्या वर्षी भलतेच जोरात होते. पुढच्या मे महिन्यात प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेचं विजेतेपद त्यांनीच पटकावलं. समोर होता साउदॅम्प्टन, दक्षिण किनाऱ्यावरच्या बंदराच्या गावचा संघ. चेंडू येतो साउदॅम्प्टनच्या सात नंबरच्या खेळाडूकडे. उंच, किंचित पोक काढून चालणारा, आणि धावण्याचा मनापासून कंटाळा असलेला असा हा गडी. अंगावर आलेल्या बचावपटूला तो एकीकडे झुकवतो आणि दुसरीकडून निघतो. बचावपटू सावरून परत येतो, तर हा त्याला पुन्हा चकवतो. गोल अजून पस्तीसेक यार्डांवर आहे. तिथून कुणी गोलाकडे बघतसुद्धा नाही. हा तिथूनच चेंडू उचलतो, आणि चेंडू हवेत वळत वळत थेट वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. गोलरक्षक टिम फ्लॉवर्सने झेप घेतली, पण उपयोग शून्य. गंमत म्हणजे हा फ्लॉवर्स वर्षभरापूर्वीपर्यंत साउदॅम्प्टनचाच गोलरक्षक होता. हा माणूस काय करू शकतो, हे सरावात त्याने कित्येकदा पाहिलेलं असणार.

बीबीसीने तो गोल हंगामातला सर्वोत्तम गोल ठरवला. त्या सामन्यात साउदॅम्प्टनचे गोल झाले दोन, आणि दोन्ही याचेच. सामना मात्र ब्लॅकबर्नने ३-२ असा जिंकला.

या खेळाडूचं नाव मॅट ल टिसिये. नाव फ्रेंच वाटतं, कारण तो गर्न्सी या इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीतल्या बेटावरचा. १९८६ साली तो साउदॅम्प्टनकडून पहिल्यांदा उतरला आणि २००२ साली त्याच संघातून निवृत्त झाला. मधल्या काळात दोनशे नऊ गोल केले. प्रीमियर लीगमध्ये शंभर गोल करणारा मधल्या फळीतला पहिला खेळाडू तोच. आणि एवढं करून चषक किती मिळाले? एकही नाही. १९९२ मध्ये एका दुय्यम स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी संघ लंडनच्या वेम्बली मैदानावर पोहोचला होता. तिथेही याने गोल केला, आणि तिथेही नॉटिंगहॅम फॉरेस्टकडून ३-२ अशी हार. त्याच्या निवृत्तीनंतर वर्षभरात साउदॅम्प्टन थेट इंग्लंडच्या मानाच्या एफए चषकाच्या अंतिम फेरीत गेला. नशीब कधीकधी असं वेडावून दाखवतं. अर्थात तो सामनाही ते हरलेच, ते सोडा.

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. एकट्याने खिंड लढवणं म्हटलं की आपल्याला १९९९ चं चेन्नई आठवतं. पाकिस्तानविरुद्ध सचिनच्या १३६ धावा, आणि भारत हरला फक्त बारा धावांनी. पण क्रिकेटमध्ये फलंदाज निदान तासन्‌तास खेळपट्टीवर उभा राहू शकतो, षटकाच्या शेवटी एक धाव घेऊन स्ट्राइक स्वतःकडे ठेवू शकतो. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एका खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेल्या वेळात तो दुसऱ्यांच्या चुका बघत असतो. म्हणून फुटबॉलमध्ये एकखांबी तंबू उभा राहणं फार कठीण. आणि म्हणूनच, जिथे तो उभा राहिला तिथे नीट थांबून बघावं असं मला वाटतं.

साउदॅम्प्टनचा १९९३-९४ चा हंगाम घ्या. बेचाळीस सामने झाले, त्यातले तेवीस हरले. संघाने गोल केले एकोणपन्नास, आणि त्यातले पंचवीस एकट्या ल टिसियेचे. म्हणजे निम्म्याहून जास्त. प्रीमियर लीगमध्ये तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात, त्याला रेलिगेशन म्हणतात. मोठ्या क्लबांच्या चाहत्यांना त्याची भीती ठाऊक नसते. एकदा खाली गेलं की टीव्हीचे पैसे जातात, चांगले खेळाडू जातात, आणि परत वर यायला कधीकधी वर्षंच्या वर्षं लागतात. त्या हंगामात साउदॅम्प्टन बावीस संघांत अठरावा आला आणि वाचला फक्त एका गुणाने. शेवटच्या दिवशी वेस्ट हॅमच्या मैदानावर ३-३ अशी बरोबरी झाली. त्यातले दोन गोल कुणाचे, हे सांगायला नकोच.

अशा खेळाडूला मोजायचं तर कपाटातल्या चषकांनी मोजू नये. तो नसता तर संघ कुठे असता, याने मोजावा.

त्याच हंगामाच्या सुरुवातीला या माणसाला संघाबाहेर बसवलं होतं, हे सांगितलं तर पटणार नाही. तेव्हाचे व्यवस्थापक इयन ब्रॅनफूट हे चेंडू लांब भिरकवा आणि मागे धावा या पंथाचे. धावायचा कंटाळा असलेला कलाकार त्यांच्या हिशोबात बसेना. परत घेतल्यावर ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलविरुद्ध याने दोन गोल मारले, आणि त्यातला पहिला अजूनही लोक पुन्हा पुन्हा लावून बघतात. मागून आलेला चेंडू टाचेने पुढे ओढला, एकाला चुकवलं, दुसऱ्याच्या डोक्यावरून अलगद उडवला, आणि मग सावकाश जाळ्यात सारला. पुढे जानेवारीत ॲलन बॉल व्यवस्थापक म्हणून आले. इंग्लंडच्या १९६६ च्या विश्वविजेत्या संघातले हेच ते. सांगतात की पहिल्याच सरावाला त्यांनी ल टिसियेला मधोमध उभं केलं, बाकीच्यांना भोवती जमवलं आणि म्हणाले, हा तुमच्यातला सर्वोत्तम आहे, चेंडू मिळाला की याला द्या. डावपेच संपले! बॉल यांच्या काळात चौसष्ट सामन्यांत ल टिसियेचे पंचेचाळीस गोल झाले.

पण पुढे जे झालं ते तर कुणा लेखकालाही सुचलं नसतं. १९९५ मध्ये बॉल साउदॅम्प्टन सोडून मँचेस्टर सिटीकडे गेले. तेव्हाची सिटी म्हणजे आजची श्रीमंत सिटी नव्हे. हंगामाच्या शेवटी सिटी, साउदॅम्प्टन आणि कॉव्हेंट्री या तिघांचेही गुण अडतीस. सिटीची लिव्हरपूलशी २-२ अशी बरोबरी चालू होती आणि बरोबरीने भागेल या समजुतीत त्यांच्या खेळाडूंनी शेवटी चेंडू कोपऱ्यात नेऊन वेळ काढला. माहिती चुकीची निघाली. गुण सारखे, म्हणून केलेल्या आणि खाल्लेल्या गोलांच्या फरकावर सिटी खाली गेली, साउदॅम्प्टन वाचला.

ल टिसियेच्या पेनल्टीविषयी थोडं सांगतो. साउदॅम्प्टनसाठी त्याने अठ्ठेचाळीस पेनल्टी मारल्या आणि सत्तेचाळीसांचे गोल केले. एकच अडवली गेली, १९९३ मध्ये, फॉरेस्टचा गोलरक्षक मार्क क्रॉसली याच्याकडून. त्या एका चेंडूने क्रॉसलीला जन्मभराची ओळख दिली. मोठ्या संघाला हंगामात शंभर संधी मिळतात, त्यातली एखादी पेनल्टी हुकली तरी चालतं. तळाच्या संघाला मिळालेली पेनल्टी म्हणजे बहुतेक वेळा एक गुण, आणि आत्ताच पाहिलं आपण, एका गुणावर काय काय टांगलेलं असतं.

आता प्रश्न येतोच, की हा मोठ्या क्लबात का गेला नाही? टॉटनहॅम, चेल्सी यांसारख्या क्लबांना तो हवा होता. इथे बरेच जण निष्ठा, त्याग असे जड शब्द काढतात. मला ते पटत नाही. त्याला तिथे बरं वाटत होतं, म्हणून तो राहिला. द डेल नावाचं पंधरा हजारांचं चिमुकलं मैदान, इतकं खेटून की प्रेक्षकांची कुजबुज खेळाडूला ऐकू यावी. बर्गर खायला कुणी अडवत नव्हतं, आणि शनिवारी अख्खं गाव देव मानत होतं. तिथे त्याचं टोपणनावच होतं ‘ल गॉड’. त्याची किंमत त्याने मोजली. इंग्लंडकडून त्याला फक्त आठ सामने मिळाले. १९९८ च्या विश्वचषकाआधी इंग्लंडच्या ब संघाकडून त्याने रशियाच्या ब संघाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली, तरी इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक ग्लेन हॉडल यांनी त्याला घेतलं नाही. आणि लहानपणी तो ज्याच्यासारखं खेळायला बघायचा, तो खेळाडू म्हणजे हेच हॉडल.

उलट बाजूही बघा. त्याच्याच बरोबर साउदॅम्प्टनमध्ये घडलेला ॲलन शिअरर १९९२ मध्ये ब्लॅकबर्नला गेला आणि १९९५ मध्ये विजेता झाला. मग आपल्या गावच्या न्यूकॅसलकडे परतला. तिथे दहा वर्षं गोलांचा पाऊस पाडला, चषक मात्र पुन्हा एकही नाही. म्हणजे गेलं की मिळतंच, असाही नियम नाही.

ल टिसियेला निवड तरी करता आली. काहींना तीही नसते. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे वेगळाच खेळ, शिरस्त्राणं घालून खेळतात तो. तिथे कॉलेजातून आलेल्या खेळाडूंची निवड संघ करतात, आणि आदल्या हंगामात ढेपाळलेल्यांना आधी संधी मिळते. म्हणजे जितका गुणी पोरगा, तितका वाईट संघ त्याच्या वाट्याला! १९७१ मध्ये आर्ची मॅनिंग असाच न्यू ऑर्लिन्सच्या संघात गेला. योगायोग असा की या संघाचं आणि साउदॅम्प्टनचं टोपणनाव एकच, ‘सेंट्स’. दहाएक वर्षं तो तिथे अंग ठेचून घेत खेळला आणि एकदाही संघाच्या विजयांची संख्या पराभवांपेक्षा जास्त झाली नाही. १९८० मध्ये सोळा सामन्यांत एकच विजय. प्रेक्षक लाजेने कागदी पिशव्या डोक्यावर घालून बसत. पुढे त्याच्या दोन मुलांनी, पेटन आणि इलाय यांनी, सुपर बोल, म्हणजे तिथला विजेतेपदाचा अंतिम सामना, प्रत्येकी दोनदा जिंकला.

आणि देश तर मुळीच निवडता येत नाही. जॉर्ज विया लायबेरियाचा. मोनॅको, पॅरिस सेंट जर्मेन, मिलान असे बडे क्लब त्याने गाजवले. १९९५ मध्ये युरोपातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बॅलन डी'ऑर मिळवणारा तो पहिला आफ्रिकी, आणि त्याच वर्षी फिफाचाही सर्वोत्तम. पुढच्या वर्षी मिलानसाठी व्हेरोनाविरुद्ध तो आपल्या गोलपेटीपासून निघाला आणि अख्खं मैदान पार करून त्याने गोल केला. असा माणूस देशासाठी खेळायला यायचा तेव्हा घरी यादवी युद्ध चालू असायचं आणि फुटबॉल संघटनेच्या तिजोरीत खडखडाट. मग खेळाडूंची विमानाची तिकिटं हाच काढायचा, किट हाच आणायचा, पुढे पुढे तर प्रशिक्षणही हाच द्यायचा. २००२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत नायजेरियाचे झाले सोळा गुण, लायबेरियाचे पंधरा. एका गुणाने वाचलेला ल टिसिये आपण मघाशी पाहिला. हा एका गुणाने राहिला. विश्वचषकाच्या मैदानात विया कधीच उतरला नाही. २०१८ मध्ये तो देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याची चौदा नंबरची जर्सी निवृत्त करायच्या निमित्ताने नायजेरियाविरुद्ध पुन्हा मैदानात उतरला. राष्ट्राध्यक्ष खेळतोय म्हटल्यावर पाहुण्यांनी थोडी सवलत द्यावी की नाही? नायजेरिया २-१ ने जिंकला.

हे सगळं दूरचं झालं. आपल्याकडचं बघायचं तर लांब जायला नको, मुंबईत अंधेरीपर्यंत चला. १ जून २०१८. अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर भारताने चायनीज तैपेईला ५-० ने हरवलं. त्यात कर्णधार सुनील छेत्रीची हॅट्‌ट्रिक. आणि बघायला किती माणसं? अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलवर स्वतःचा एक व्हिडिओ काढला. युरोपातल्या क्लबांसारखे आम्ही खेळत नाही हे मान्य, शिव्या घालायच्या तर घाला, पण मैदानात येऊन घाला, अशा अर्थाचं तो बोलला. बोलताना सूर तक्रारीचा नव्हता, अजिजीचाही नव्हता. ४ जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. पाऊस कोसळत होता आणि स्टेडियम भरलं होतं. भारत ३-० ने जिंकला, दोन गोल छेत्रीचे.

तेव्हा परदेशी वर्तमानपत्रांत एक तक्ता छापून यायचा. सध्या खेळत असलेल्यांमध्ये देशासाठी सर्वाधिक गोल कुणाचे? रोनाल्डो, मेस्सी आणि त्यांच्या पाठोपाठ छेत्री. तक्ता बघून आपण खूश व्हायचो आणि मग हळूच म्हणायचो, पण समोरचे संघ कोण असतात! खरं आहे, मालदीव आणि नेपाळ म्हणजे जर्मनी नव्हे. पण रोनाल्डोला चेंडू पुरवणारे कोण असतात, हे त्याच श्वासात कुणी विचारत नव्हतं.

जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्ध ०-० अशा सामन्यानंतर छेत्री निवृत्त झाला. तेव्हा त्याचे चौऱ्याण्णव गोल झाले होते. मग गोल करायला कुणी मिळेना, म्हणून मार्च २०२५ मध्ये चाळीस वर्षांच्या छेत्रीलाच परत बोलावलं. परतल्यावर पहिल्याच सामन्यात शिलाँगला त्याने मालदीवविरुद्ध हेडरने गोल केला. काहींना या परतण्याचं कौतुक वाटलं. मला वाटली ती आपल्या फुटबॉलची नामुष्की. त्यात त्याचा काय दोष? बोलावलं, तो आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ ने हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. छेत्रीच्या जागी नऊ नंबरला, म्हणजे गोल करणाऱ्या मुख्य आघाडीवीराच्या जागी कोण, हा प्रश्न वीस वर्षं पुढे ढकलला गेला होता. तो अजून तिथेच आहे.

नमस्कार.