यंत्राला गुलाब कळत नाही

आधी हे भरतकामाचं यंत्र सुरू करते, मग बोलते. पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल, याच्या रिंगेत कापड नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीसारखा एक पारदर्शक पडदा ताणून बसवलाय. त्यावर ६,००० टाके पडायचे आहेत. वेग मिनिटाला ५०० ठेवलाय, म्हणजे बारा मिनिटं. मध्ये दोरा तुटला तर पंधरा. आवाज जरा सहन करा.

घरगुती भरतकाम यंत्र घेतलेल्या माणसाचं पहिलं वर्ष बहुतेक एकाच वळणाने जातं. यंत्राच्या पोटात शेकड्याने नक्ष्या भरलेल्या येतात. आपण रुमालावर गुलाब काढतो, उशीच्या अभ्र्यावर गुलाब काढतो, पडद्याच्या कडेला गुलाब काढतो. मग घरातलं कापड संपतं आणि यंत्रावर झाकण पडतं. त्या झाकणावरही गुलाब असतो. हसू नका, माझ्या झाकणावर तो अजून आहे.

मला त्यातून बाहेर काढलं ते कंटाळ्याने. एकदा त्या गुलाबाची फाइल संगणकावर उघडून मी आत डोकावले, तर आत गुलाब नव्हताच. नुसते आकडे होते. इतकं उजवीकडे सरक, इतकं वर सरक, टोच. पुन्हा सरक, पुन्हा टोच. मोजमाप मिलिमीटरच्या दहाव्या भागात. डीएसटी नावाचा जुना आणि अजूनही सर्रास चालणारा फाइलप्रकार आहे. त्यात एका हालचालीत फार तर १२.१ मिलिमीटर सरकता येतं आणि गंमत म्हणजे रंगाची नोंदच नसते. नुसतं ‘थांब’ एवढं लिहिलेलं असतं. थांबल्यावर तुम्ही लाल दोरा ओवा नाहीतर काळा, यंत्राला त्याचं सोयरसुतक नाही.

आणि हे काही संगणक आल्यावर सुरू झालेलं नाही. १८२८ मध्ये फ्रान्समधल्या मुलूझ शहरात जोशुआ हाइलमान यांनी भरतकामाचं हातयंत्र बनवलं. त्यातल्या सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार, नेढं मधोमध. दोन्ही बाजूंचे चिमटे ती सुई कापडातून आरपार एकमेकांच्या हाती देत. कारागीर काय करायचा? मोठ्या करून काढलेल्या चित्रावर एक दांडी एकेका बिंदूवर नेऊन टेकवायचा आणि पलीकडे कापड तेवढ्या प्रमाणात सरकायचं. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्ली यांनी शिवणयंत्रासारखे वर एक, खाली एक असे दोन दोरे आणले. खालचा दोरा होडीच्या आकाराच्या धोट्यात असे, म्हणून त्या यंत्राचं नाव शिफली, म्हणजे छोटी होडी. तेव्हाही यंत्राला फूल कळत नव्हतं. बिंदू कळत होते. दांडी फिरवणाऱ्या हाताची जागा आज दोन मोटारींनी घेतली आहे, बाकी कारभार तोच.

मग माझ्या मनात आलं, बिंदूच द्यायचे तर गुलाबाचेच कशाला?

माझ्या भाचीने लहानपणी पाच पायांचा घोडा काढला होता. तो कापडावर आणायचा म्हणून मी आधी सॉफ्टवेअरमधलं आपोआप टाके पाडणारं बटण दाबलं. ते बटण मला मुळीच आवडत नाही. त्याने पेन्सिलीच्या बारीक रेघेला जाड पट्टी मानलं, आयाळीचे सुटे केस एकत्र करून त्याचा लगदा केला आणि एकूण घोडा चिखलात लोळल्यासारखा दिसायला लागला. शेवटी रेघेवर रेघ मी स्वतः गिरवली. यासाठी इंक/स्टिच हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर पुरतं. रेघ काढायची, तिला धावदोरा म्हणायचं, टाका अडीच मिलिमीटरचा ठेवायचा. गिरवताना एकच पथ्य: मुलाची रेघ सरळ करू नका. ती थरथरते तिथे थरथरू द्या. पाचवा पाय तर अजिबात कापू नका.

गिरवताना एक अडचण लगेच कळते. पेन्सिल उचलून दुसरीकडे ठेवता येते, सुई तशी उचलली की मागे दोरा लोंबतो. तो कापत बसावं लागतं आणि कापला की उसवायची भीती. इथे मला गणित उपयोगी पडलं. लिओनार्ड ऑयलर यांनी १७३६ मध्ये कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं सोडवलं: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का? त्यातून निघालेला नियम असा, की जोडलेल्या आकृतीत प्रत्येक सांध्याला मिळणाऱ्या रेघांची संख्या सम असेल, तर ती आकृती हात न उचलता काढून निघालो तिथे परत येता येतं. आता प्रत्येक रेघेवरून दोनदा जायचं ठरवा. प्रत्येक सांध्यावरची संख्या दुप्पट झाली, म्हणजे आपोआप सम झाली! तेव्हा तुकडे एकमेकांना चिकटलेले असतील तर कुठलंही रेखाचित्र एका दोऱ्यात, एका दमात भरता येतं, आणि दुहेरी रेघ उठूनही दिसते. घोड्याचा डोळा तेवढा सुटा होता. तो मी कपाळावरच्या एका केसाने जोडून टाकला. भाचीची परवानगी घेतली होती.

याच धाग्यावर पुढे गेलं की हिल्बर्टची वक्ररेषा सापडते. डेव्हिड हिल्बर्ट यांनी १८९१ मध्ये मांडलेली ही रेघ चौरसाचे चार भाग करते, त्यांचे पुन्हा चार, आणि स्वतःला कुठेही न छेदता प्रत्येक भागातून जाते. आपल्या लहान रिंगेत साधारण १०० मिलिमीटरचा चौरस बसतो. पाचव्या पायरीला त्यात ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ बिंदू होतात आणि दोन बिंदूंमधलं अंतर येतं सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. हा चक्क आपल्या धावदोऱ्याचा टाका आहे! बिंदूगणिक एक टाका, एकही उडी नाही, दोन मिनिटांत काम संपतं. खाली कापसाचा थर आणि अस्तर ठेवलं तर हेच गोधडीचं भरण होतं. मुलांना हे शिकवायचं असेल तर टर्टलस्टिच हे सॉफ्टवेअर बघा. त्यात ठोकळे जोडून कासवाला चालवायचं असतं, त्याच्या पावलांचे टाके होतात. माझ्याकडे एक मुलगा येतो, त्याला भरतकाम म्हटलं की झोप येते. त्याने एका बसणीत सतरा चक्रं काढली, आणि दोरा संपल्याबद्दल माझ्याशीच भांडला.

कापडाचंही तसंच आहे. सुईखाली कापडच पाहिजे असं यंत्र कुठे म्हणतं? जाड कार्डाचा कागद घ्या. तो रिंगेत दाबू नका, वळ उठतो. रिंगेत स्टॅबिलायझर, म्हणजे भरताना खाली आधाराला लावायचा थर, ताणा आणि कागद त्यावर चिकटवा. टाका तीन मिलिमीटरपेक्षा बारीक नको, आणि साटीनचे, म्हणजे पट्टी भरून काढणारे शेजारी-शेजारी आडवे, दाट टाके तर नकोच, नाहीतर कागद टपाल तिकिटासारखा भोकांवरून फाटतो आणि तुमचं फूल हातात येतं. सुई जुनी चालते, नाही तरी कागद तिला बोथट करणारच. पुढची पायरी म्हणजे दोरा न ओवताच यंत्र चालवायचं. काही यंत्रं दोरा नाही म्हणून कुरकुर करतात, काहींत ती तक्रार बंद करता येते. नुसत्या भोकांचं चित्र उरतं. कागद टेबलावर असतो तेव्हा काहीच दिसत नाही. मागे दिवा धरला की नक्षी उमटते. दिवा एलईडीचाच धरा, कागद आहे तो.

दोराही बदलता येतो. स्टेनलेस स्टीलचा वीजवाहक दोरा मिळतो. तो वरून ओवला तर ताणाच्या चकत्यांतून आणि सुईच्या नेढ्यातून जाताना पिंजतो, म्हणून बॉबिनमध्ये भरायचा आणि वर साधा दोरा ठेवायचा. कापडाच्या उलट बाजूला दोन समांतर रेघा, एक धन, एक ऋण, तीन व्होल्टचा बटणाएवढा सेल आणि एक एलईडी. दोन रेघांत ठरलेलं अंतर शेवटपर्यंत राखणं हाताला जड जातं, यंत्राला नाही. असा दिवा लावलेली माझी पहिली पिशवी मात्र उघडली की लागायची आणि मिटली की विझायची. मी दोन दिवस सेल बदलत बसले. शेवटी कळलं, दोऱ्याचं अर्ध्या इंचाचं शेपूट कापायचं राहिलं होतं आणि घडी पडली की ते पलीकडच्या रेघेला टेकत होतं.

ज्या कामाने मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तीन इंचांच्या फेल्टच्या पट्टीवरचं आहे. माझ्या एका अंध मैत्रिणीला कपड्यांच्या आत रंगाचं नाव हवं होतं, ब्रेलमध्ये. ब्रेलच्या एका अक्षराला सहा टिंबांची जागा असते. शेजारच्या टिंबांच्या मध्यांत साधारण अडीच मिलिमीटर आणि एका अक्षरापासून पुढचं सुमारे सहा मिलिमीटर. मला वाटलं, हे तर यंत्रासाठीच बनवलंय. एकाच जागी चांदणीसारखे बारीक टाके एकावर एक रचले, गाठीच्या टाक्यासारखी टिंबं उभी राहिली. दिसायला झकास. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, “टिंबं बरी आहेत गं, पण मधेमधे हे काय लिहिलंयस?”

मधे मी काहीच लिहिलं नव्हतं. टिंबापासून टिंबापर्यंत जाणारा दोरा होता तो. त्याच रंगाचा, माझ्या डोळ्याला न दिसणारा. तिच्या बोटाला ती रेघ लागत होती. मग प्रत्येक टिंबाला सुरुवातीला आणि शेवटी बांधणीचे टाके घातले आणि मधला प्रत्येक दोरा कात्रीने काढला. दुसऱ्या खेपेला ती म्हणाली, टिंब मऊ आहे, दाबलं की बसतं. म्हणून दोरा जाड घेतला आणि खाली कायम राहणारा, फक्त बाहेर उरलेला भाग कापून टाकायचा असा स्टॅबिलायझर लावला. तिसऱ्या खेपेला तिने न थांबता ‘निळा’ वाचलं. या सगळ्यात मी रंगाचा विचार एकदाही केला नव्हता. पट्टी कुठल्या रंगाची होती तेही आज आठवत नाही.

थांबा, यंत्र ओरडतंय. तुटला दोरा. वरून पुन्हा ओवायचा, पाच-सहा टाके मागे जायचं, मग चालू. हां.

अक्षरांवरून आठवलं. देवनागरी भरताना सगळे एकाच ठिकाणी अडकतात, ते म्हणजे शिरोरेघा. साटीनचा टाका कापडाला आडवं ओढतो, त्यामुळे पट्टी ठरवल्यापेक्षा अरुंद होते. शिरोरेघा बारीक होऊन वर राहते, अक्षर खाली राहतं आणि मधे कापडाची फट दिसते. म्हणून अक्षरं आधी भरा, त्यांची डोकी अर्धा मिलिमीटर रेघेच्या आत घुसवा आणि अख्ख्या शब्दाची रेघ सगळ्यात शेवटी, एका झटक्यात ओढा. अक्षर एक सेंटिमीटरपेक्षा लहान झालं तर अनुस्वार म्हणजे नुसता गोळा होतो. तिथे साटीन सोडून धावदोऱ्यावर या.

‘थांब’ या आज्ञेबद्दल थोडंसंच सांगते, कारण ती एकदा कळली की बाकीचं सुचत जातं. यंत्र थांबलं की रंगच बदलायला हवा असं नाही. पहिला धावदोरा नुसती जागा दाखवतो. थांबा, तिथे कापडाचा तुकडा ठेवा, दुसरी टीप त्याला पकडते, थांबा, बाहेरचं कापड कापा, मग साटीन कड झाकते. तुकड्याऐवजी चेन ठेवली तर रिंगेतल्या रिंगेत पाकीट तयार होतं. फोमचा पत्रा ठेवून वर दाट साटीन घातलं तर अक्षर फुगून उभं राहतं. शर्टाच्या बाहीचा फाटलेला कोपर ठेवला तर रफू होतं. फक्त बाही खाली गोळा झालेली नाही ना, ते बघा. मी एकदा शर्टाची बाही शर्टाच्या पाठीला इतक्या मजबूत टाक्यांनी जोडली होती, की उसवण्यापेक्षा शर्टच टाकून दिला.

झालं बघा, संपले टाके. रिंग सोडवते.

हा पडदा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा असतो, पाण्यात विरघळतो. युक्ती जुनी आहे. १८८० च्या दशकात रेशमावर सुती दोऱ्याने भरत आणि रेशीम रसायनात विरघळवून टाकत. मागे सुताची लेस उरे. आपल्याला पाणी पुरतं. अट एकच, प्रत्येक टाका दुसऱ्या कुठल्या तरी टाक्यात अडकलेला हवा. म्हणून आधी खाली जाळी भरायची आणि मग तिच्यावर नक्षी. मी पहिल्यांदा तोच साठवलेला गुलाब कापडाऐवजी या पडद्यावर भरला होता. पाण्यात टाकल्यावर पाकळ्या एकेक करून सुटल्या आणि भांड्यात तळाशी लाल दोऱ्याचा गुंता राहिला. गुलाबाला धरून ठेवणारं कापडच नव्हतं ना.

ही बुडवली पाण्यात. कोमट आहे. पडदा आधी बुळबुळीत होतो, मग दिसेनासा होतो. फार धुवायचं नाही, थोडा अंश राहिला की लेस वाळल्यावर कडक उभी राहते. घ्या, ओली आहे, पण हातोहात मागेपर्यंत जाऊ द्या. वरच्या सुईत आणि बॉबिनमध्ये एकच दोरा भरलाय. हिची उलटी बाजू कुठली ते सापडतं का बघा.