सॅक्सोफोन रिओत आला तेव्हा

मंडळी, जॅझ आणि ब्राझील म्हटलं की आपण थेट बोसा नोव्हाकडे, म्हणजे सांबा आणि जॅझच्या त्या मऊ गाण्यांकडे, धावतो. ती गोडच आहे, तक्रार नाही. पण तिच्या तीसेक वर्षं आधी, एक शब्दही न गाता, रिओ दि जानेरोत हा संसार मांडून झाला होता. आज त्याच्याविषयी बोलायचंय.

१८७० च्या सुमाराला रिओत शोरो हा वाद्यसंगीताचा प्रकार जन्मला. नावाचा अर्थ रडणं, आणि ऐकायला बसलात तर पाय थिरकतात! युरोपातून आलेले पोल्का, वॉल्ट्झ इथले लोक बासरी, गिटार आणि काव्हाकीन्यो घेऊन आपल्या ठेक्यात वाजवायला लागले. काव्हाकीन्यो म्हणजे चार तारांचं, उकुलेलेच्या घराण्यातलं पोर्तुगीज वाद्य. पुढे त्यात पांदेरो आला; आपली खंजिरी डोळ्यांपुढे आणा. वाजवणाऱ्यांत पोस्टातले कर्मचारी आणि कारकून बरेच. रचना तीन भागांची, आणि पहिला भाग ध्रुवपदासारखा परत परत यायचा.

१९२२ साली पिशिंगिन्या हा बासरीवादक आपल्या ‘ओइतो बातुतास’ या चमूबरोबर पॅरिसला गेला. सहा महिने राहिला, जॅझ ऐकला आणि सॅक्सोफोन घेऊन परतला. पुढे १९२८ मध्ये त्याच्या ‘कारिन्योझो’ची ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा एका समीक्षकाने झोडपलं की ही तर अमेरिकेची नक्कल आहे. मजा बघा, ही धून त्याने बांधली होती १९१७ च्या सुमाराला, म्हणजे पॅरिसच्या आधी! तिचे भाग दोनच होते, शोरोला तर तीन हवेत; म्हणून दहा वर्षं त्याने ती बाजूला ठेवली होती. आज ब्राझीलमध्ये ती धून न येणारा माणूस शोधावा लागेल.

आता शोरो आणि जॅझ एकत्र आणण्यात खरी अडचण कुठे आहे ते सांगतो. जॅझमध्ये धून एकदा मांडायची आणि मग तिच्या कॉर्ड्सवर, म्हणजे धुनीखाली एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्यांवर, मोकळं सुटायचं. शोरोवाला धून सोडत नाही. तिलाच दर फेरीत वेगळी वळणं देतो. लयीचंही तसंच. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्यात, मात्रा साधारण तीन भागांत झुलते, पांदेरो ती चार भागांत मोडतो. म्हणून शोरोच्या खाली स्विंगचा ड्रम ठेवला की दोघेही एकमेकांची वाट अडवतात. वर जॅझच्या कॉर्ड्स चढवल्या म्हणजे मिश्रण झालं, असं मानणाऱ्यांचं वादन मला तरी हॉटेलातल्या पार्श्वसंगीतासारखं लागतं.

पिशिंगिन्याने काय केलं? १९४० च्या दशकात त्याने बासरी बेनेदितो लासेर्दाकडे सोपवली आणि स्वतः टेनर सॅक्सोफोन धरला. जॅझवाला ज्या वाद्यावर पुढे येऊन एकल वाजवतो, ते याने मागे नेलं. बासरी धून वाजवतेय आणि खालून सॅक्सोफोन तिला उत्तरं देतोय: कधी चिडवतो, कधी तिच्या श्वासाच्या जागेत घुसतो. ही रीत मुळात गिटारच्या खर्जातल्या तारांची. आणि पुढचं तर मला फार आवडतं. शेजारी गिटार घेऊन बसणारा दीनो ही उत्तरं कान देऊन ऐकत होता. १९५० च्या दशकात त्याने सात तारांची गिटार घेतली आणि सॅक्सोफोनच्या त्या ओळी तिच्यावर आणल्या. आज शोरोच्या बैठकीत सात तारांच्या गिटारचा जो खर्ज घुमतो, त्यात सॅक्सोफोनचा श्वास आहे. कोणी कोणाकडून घेतलं, याचा हिशेब आता लावून दाखवा!

आता एक ध्वनिमुद्रण लावतो. ‘उम आ झेरो’, म्हणजे ‘एक-शून्य’. १९१९ मध्ये ब्राझीलने फुटबॉलमध्ये उरुग्वेला हरवलं, त्या गोलफलकाचं नाव. वाजवणारे लासेर्दा आणि पिशिंगिन्या, साल १९४६. बासरीकडे लक्ष देऊ नका, ती आपोआप ऐकू येईल. खालचा सॅक्सोफोन धरा.